१६ व्या वर्षी शाळा सोडली, २४ व्या वर्षी नोकरी, तरी आज प्रत्येक अँटेनाच्या केबलमध्ये याच गड्याचं गणित आहे

लॅपटॉपच्या चार्जरची वायर एकदा नीट बघा. बऱ्याच चार्जरच्या वायरीवर टोकाजवळ एक जाडसर गोळा असतो. साप उंदीर गिळून बसल्यासारखा. बऱ्याच जणांना वाटतं तिथे वायरीला जोड आहे, किंवा आत एखादं मशीन आहे.

आत मशीन वगैरे काही नसतं. आत असते काळ्या रंगाची फेराईटची नळी. तिचं काम एकच. वायरीवरून जी फालतू विद्युत लहर फिरत असते तिला अडवायचं आणि कामाची वीज तेवढी जाऊ द्यायची. याला म्हणतात कॉमन मोड चोक.

चोक हा शब्द आपल्याला नवीन नाही. ट्यूबलाईटचा चोक गेला की आपण दुकानात पळायचो. तोच हा, फक्त भाऊबंद वेगळा.

हॅम रेडिओवाली मंडळी हा चोक घरीच बनवतात. हॅम म्हणजे सरकारचं लायसन्स घेऊन, स्वतःचा रेडिओ लावून, गच्चीवरच्या अँटेनातून जगभर बोलणारी हौशी लोकं. भारतात यांच्या कॉल साईनची सुरुवात व्हीयू या अक्षरांनी होते. हौशी म्हणून हलक्यात घेऊ नका. २००४ ला त्सुनामी आली तेव्हा अंदमानात फोन बंद पडले होते आणि तिथे गेलेल्या हॅम मंडळींनीच बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला होता.

तर हे लोक फेराईटची एक मोठी रिंग घेतात, तिच्यावर अँटेनाची केबल दहाबारा वेढे गुंडाळतात आणि मग तो चोक खरंच काम करतोय का, हे तपासतात. त्या तपासणीत चार शब्द सारखे येतात. कोअॅक्स केबल, इंडक्टन्स, इम्पीडन्स आणि स्किन इफेक्ट.

आता गंमत बघा. यातल्या पहिल्याचं पेटंट ज्याने घेतलं, दुसरा आणि तिसरा शब्द ज्याने तयार केला आणि चौथ्याचं तारांसाठीचं गणित ज्याने मांडलं, तो माणूस एकच आहे.

त्याचं नाव ऑलिव्हर हेव्हिसाईड.

कॉलेजचं तोंड न बघितलेला, आयुष्यभर बेकार म्हणून जगलेला आणि ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या सगळ्यात वजनदार इंजिनियरशी भिडलेला माणूस.

लंडनच्या गल्लीतलं पोरगं

ऑलिव्हरचा जन्म १८ मे १८५० चा. लंडनमधल्या कॅम्डेन टाऊनचा. चार भावांत सगळ्यात धाकटा. वडील थॉमस लाकडावर चित्रं कोरून छपाईचे ठसे बनवायचे. घरात पैशाची कायम ओढाताण. आईने घर चालवायला मुलींची छोटी शाळाही काढली होती.

लहानपणीच ऑलिव्हरला स्कार्लेट फिव्हर झाला आणि त्यात ऐकायला कमी यायला लागलं. पुढे कान बरेच सुधारले, पण ज्या वयात पोरं गल्लीत दंगा करून मित्र जोडतात, त्या वयात हा बाजूला पडला. एकटं राहायची सवय लागली ती कायमची.

शाळेत हुशार होता. १८६५ च्या एका परीक्षेत पाचशेहून जास्त मुलांत पाचवा आला. पण १६ वर्षांचा झाला आणि शिक्षण थांबलं. पुढे शिकवायची घरची ऐपत नव्हती.

मात्र या घराचा एक पाहुणा तगडा होता. ऑलिव्हरच्या मावशीचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टन. शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये ज्या व्हीटस्टन ब्रिजने आपल्याला घाम फोडला, तेच हे. तारयंत्राच्या धंद्यातलं मोठं नाव. मावसाजींच्या ओळखीने भाचा तारेच्या कामाला लागला.

१८६८ ला तो डेन्मार्कला गेला, समुद्राखालच्या केबलवर तारमास्तर म्हणून. नंतर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आला. दिवसभर तारा पाठवायच्या, केबल कुठे बिघडली ते शोधायचं आणि रात्री पुस्तकं वाचायची, असा कार्यक्रम.

या कामात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. एका बाजूने पाठवलेला टिंब दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत पसरतो. घाई केली तर दोन टिंब एकमेकांत मिसळतात आणि मजकुराचा काला होतो. केबलच्या आत असं काय होतं? इतर तारमास्तरांनी खांदे उडवले असते. याने गणित करायला घेतलं.

१८७३ ला त्याचा व्हीटस्टन ब्रिजवरचा लेख छापून आला. ब्रिजमधून सगळ्यात अचूक माप कधी मिळतं, हे त्यात होतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलसारख्या दिग्गजाने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची दखल घेतली. पोरगं २२ वर्षांचं होतं.

नोकरीला रामराम

१८७४ ला ऑलिव्हरने नोकरी सोडली. वय २४. त्यानंतर मरेपर्यंत त्याने कुठेही पगारी नोकरी केली नाही.

आईबापाच्या घरी परत आला, खोलीचं दार लावलं आणि मॅक्सवेलचा तो ग्रंथ उघडला. वीज, चुंबक आणि प्रकाश एकाच सूत्रात बांधणारा ग्रंथ. अडचण ही की त्यातलं गणित त्याच्या डोक्यावरून जात होतं. शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमिती, एवढंच भांडवल. मग त्याने आधी गणित शिकून घेतलं, स्वतःचं स्वतः. त्यात काही वर्षं गेली.

आज इंजिनियरिंगच्या पोरांना मॅक्सवेलची चार समीकरणं शिकवतात. पण मॅक्सवेलने १८६५ ला जे मांडलं होतं त्यात २० समीकरणं होती. त्या जंगलातून वाट काढून, सदिश गणित वापरून, १८८४-८५ च्या सुमारास ती चारांवर आणली ऑलिव्हरने. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झही त्याच दिशेने काम करत होता. पुस्तकात नाव मॅक्सवेलचं राहिलं, पण आपण जी पाठ करतो ती मांडणी या बेकार तारमास्तराची आहे.

आता येऊ आपल्या केबलकडे.

१८८० ला ऑलिव्हरने एक पेटंट घेतलं. त्या काळी टेलिफोन नवीन होता. तारा शेजारीशेजारी टाकल्या की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनमध्ये घुसायचं. त्याने उपाय सुचवला की मधोमध एक तार ठेवायची आणि तिच्याभोवती नळीसारखा दुसरा वाहक ठेवायचा. जाणारा प्रवाह आतून, परतीचा प्रवाह नळीतून. दोघांचं चुंबकीय क्षेत्र बाहेर एकमेकांना मारतं, त्यामुळे शेजारच्या तारेला त्रास नाही.

ही कोअॅक्स केबल. केबल टीव्हीची काळी वायर सोलून बघा, मध्ये तांब्याची तार, मग पांढरं प्लॅस्टिक, मग जाळी. कल्पना १८८० चीच आहे.

पण मग चोक कशाला लागतो?

प्रश्न रास्त आहे. केबल जर एवढी शहाणी आहे, बाहेर काही सांडतच नाही, तर हॅम मंडळी फेराईटच्या रिंगा का गुंडाळत बसतात?

याचं उत्तर स्किन इफेक्टमध्ये आहे. बदलता प्रवाह तारेत सगळीकडे सारखा वाहत नाही. जितक्या वेगाने दिशा बदलतो, तितका तो तारेच्या पृष्ठभागाला चिकटतो. होरेस लॅम्ब या गणितज्ञाने १८८३ ला हे गोल वाहकासाठी दाखवलं होतं. १८८५ ला ऑलिव्हरने ते कुठल्याही आकाराच्या वाहकासाठी मांडलं.

आकडा बघा. १४ मेगाहर्ट्झ हा हॅम लोकांचा लाडका पट्टा. तिथे तांब्यात प्रवाह साधारण ०.०२ मिलीमीटरच्या आत राहतो. म्हणजे कोअॅक्सच्या जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू या दोन वेगळ्या तारा झाल्या. आतल्या बाजूच्या प्रवाहाला बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही.

थोडक्यात, दोन वाहकांची म्हणून आणलेली केबल रेडिओच्या दुनियेत तीन वाहकांची असते. मधली तार, जाळीची आतली कातडी आणि जाळीची बाहेरची कातडी.

गच्चीवरचा साधा डायपोल अँटेना म्हणजे दोन सारखे हात. मधली तार एका हाताला जोडायची, जाळी दुसऱ्याला. आता जाळीच्या आतून आलेल्या प्रवाहापुढे दोन रस्ते असतात. अँटेनाच्या हातात जायचं, किंवा जाळीच्या बाहेरच्या कातडीवरून परत खाली घरात यायचं. थोडा इकडे जातो, थोडा तिकडे.

हा जो घरात येतो, तोच कॉमन मोड प्रवाह. मग काय होतं? केबलच अँटेना बनते. बोलताना स्पीकर घुरघुरतो, माईकच्या धातूला ओठ लागला तर चटका बसतो. उलट दिशेने जास्त वाईट होतं. घरातले एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर यांचा कचरा त्याच बाहेरच्या कातडीवरून वर चढतो आणि अँटेनाच्या टोकाशी सिग्नलमध्ये मिसळतो. दूरवरून आलेला बारीक आवाज त्या खरखरीत बुडून जातो.

चोक हा त्या बाहेरच्या कातडीवरचा नाकाबंदीचा पोलीस. केबल रिंगवर गुंडाळली की बाहेरच्या प्रवाहाला फेराईट लागतं आणि तो अडतो. आतल्या जोडप्रवाहाचं क्षेत्र बाहेर येतच नाही, त्यामुळे त्याला रिंग दिसतही नाही. तो सुखाने जातो.

अडवणूक किती झाली हे ज्या शब्दात मोजतात तो इम्पीडन्स, आणि कॉईलच्या ज्या गुणामुळे ती होते तो इंडक्टन्स. दोन्ही शब्द ऑलिव्हरने १८८६ ला प्रचारात आणले. नाव नसलेल्या गोष्टीला नाव द्यायचं त्याला वेडच होतं. कंडक्टन्स, अॅडमिटन्स हेही त्याच टाकसाळीतले शब्द.

आणि याच इंडक्टन्सवरून त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण पेटलं.

साहेब विरुद्ध बेकार

ब्रिटनमध्ये तेव्हा तारखातं टपाल खात्याकडे होतं. तिथले बडे विद्युत अधिकारी होते विल्यम हेन्री प्रीस. हाताने काम करून वर आलेला माणूस, भाषणात पटाईत, सरकारदरबारी वजन. गणितवाल्यांवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता.

टेलिफोनचा त्या काळचा त्रास असा होता की तार जितकी लांब, तितका आवाज बिघडायचा. नुसता बारीक होत नव्हता, तो बदलायचाच. कारण माणसाच्या आवाजात जाड आणि बारीक सूर एकत्र असतात. लांब तारेत प्रत्येक सूर वेगळ्या वेगाने जातो आणि वेगळ्या प्रमाणात मरतो. पलीकडे पोहोचतो तो चिखल.

प्रीस साहेबांचं मत ठरलेलं होतं. तारेतलं इंडक्टन्स हा दोष आहे, ते जितकं कमी तितकं चांगलं. १८८७ ला त्यांनी टेलिफोन किती लांब चालेल याचा नियमही मांडला. त्यात फक्त तारेचा रोध आणि कपॅसिटी होती. इंडक्टन्स हिशोबातच नाही.

त्याच वर्षी ऑलिव्हरचं गणित बरोबर उलटं सांगत होतं.

त्याने दाखवलं की तारेचे चार गुण असतात. रोध, इंडक्टन्स, कपॅसिटी आणि गळती. इंडक्टन्सला रोधाने भागा, कपॅसिटीला गळतीने भागा. ही दोन उत्तरं सारखी आली, तर सगळे सूर एकाच वेगाने जातात आणि एकाच प्रमाणात कमी होतात. आवाज बारीक होईल, पण बिघडणार नाही. प्रत्यक्षातल्या तारांमध्ये इंडक्टन्स फार कमी पडतं. म्हणजे उपाय काय? इंडक्टन्स वाढवा. ठरावीक अंतरावर कॉईल घाला.

ज्याला साहेब रोग म्हणत होते, त्याला हा औषध म्हणत होता.

ऑलिव्हरचा भाऊ आर्थर टपाल खात्यातच इंजिनियर होता. दोघांनी मिळून टेलिफोनवर एक पेपर लिहिला. आर्थर सरकारी नोकर, त्यामुळे छापायला खात्याची परवानगी हवी. फाईल गेली प्रीस साहेबांकडे. साहेबांनी पेपर अडवला.

ऑलिव्हर तेव्हा द इलेक्ट्रिशियन नावाच्या साप्ताहिकात नियमित लिहायचा. तोच त्याचा जगाशी दुवा. त्याच्या पाठीशी राहिलेल्या संपादकाला १८८७ मध्येच जावं लागलं. नवीन संपादकाने लेखमाला बंद केली. वाचक फार नाहीत, असं कारण दिलं.

भाऊ नोकरीतल्या साहेबापुढे गप्प बसला. ऑलिव्हर बसला नाही. लेखांत प्रीसची अशी खिल्ली उडवायचा की त्यातला काही भाग छापताच यायचा नाही. स्वभाव तिखट होता, आणि त्याचं मोलही त्याने दिलं.

वारं फिरलं

१८८८ ला जर्मनीत हर्ट्झने विद्युत चुंबकीय लहरी प्रयोगातून दाखवल्या. मॅक्सवेल खरा ठरला आणि अचानक सगळ्यांना मॅक्सवेल समजावून सांगणारा माणूस हवा झाला. तो माणूस लंडनमध्ये आईबापाच्या घरी बसला होता.

१८८९ च्या जानेवारीत सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी विद्युत इंजिनियरांच्या संस्थेतल्या अध्यक्षीय भाषणात ऑलिव्हरच्या कामाचं जाहीर कौतुक केलं. ऑलिव्हर लॉज या शास्त्रज्ञानेही पाठिंबा दिला. १८९१ ला हेव्हिसाईड रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शाळा सोडलेल्या माणसाला इंग्लंडमधला विज्ञानातला सगळ्यात मोठा मान मिळाला.

पैसा मात्र नाही. १८८९ ला सगळं कुटुंब डेव्हन परगण्यातल्या पेंटन गावी गेलं. तिथे भाऊ चार्ल्सचं वाद्यांचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर हे राहायचे. खाली पियानो, वर समीकरणं. काही वर्षांत आई गेली, मग वडील गेले. मित्रांनी खटपट करून १८९६ ला सरकारकडून वर्षाला १२० पौंडांची पेन्शन मिळवून दिली. मदत भीक वाटणार नाही, अशा बेताने त्यांना हे जमवावं लागलं, कारण गडी भयंकर मानी.

आणि कॉईलचं काय झालं?

इंग्लंडमध्ये काहीच झालं नाही. झालं ते अमेरिकेत. तिथल्या एटी अँड टी कंपनीतला जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठातला प्रोफेसर मायकेल पुपिन, दोघांनी १८९९ च्या सुमारास कॉईल किती अंतरावर घालायच्या याचं गणित बसवलं. पेटंटच्या लढाईत पुपिन जिंकला. कंपनीने त्याच्याकडून हक्क लाखो डॉलर मोजून घेतले. लांब पल्ल्याचा टेलिफोन त्या कॉईलवर धावायला लागला.

ऑलिव्हरने त्या कल्पनेचं पेटंटच घेतलं नव्हतं. लेखात लिहून मोकळा झाला होता. त्याला एक डॉलरही मिळाला नाही. पैशापेक्षा त्याला श्रेय गेल्याचा राग जास्त होता आणि तो राग शेवटपर्यंत गेला नाही.

जोशी काकांचं नाही, मीटरचं ऐका

आता इथे थांबून एक गोष्ट पक्की करू. ऑलिव्हरच्या टेलिफोनच्या तारेत कॉईल घातली की सिग्नल नीट जातो. हॅमच्या केबलवर कॉईल केली की सिग्नल अडतो. मग कॉईल मदत करते की अडवते?

दोन्ही. ती कुठे बसवली, किती मोठी आहे आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला आपण विचारतोय, यावर सगळं ठरतं. प्रीस साहेबांची चूक हीच होती. त्यांनी एका गुणाला कायमचा खलनायक ठरवून टाकलं आणि आकडा मागणं बंद केलं.

चोकची टेस्ट म्हणजे तो आकडा मागणं. ओळखीतले कुणी जोशी काका सांगतात दहा वेढे मारा, दुसरे कुणी सांगतात सहा पुरेत. मीटर काय सांगतो ते बघायचं.

हल्ली नॅनोव्हीएनए नावाचं पत्त्याच्या कॅटएवढं यंत्र मिळतं. ते एका तोंडातून सिग्नल सोडतं, दुसऱ्या तोंडाने घेतं आणि मध्ये किती गळाला ते डीबीमध्ये दाखवतं. टेस्ट अशी होते.

आधी यंत्राची दोन्ही तोंडं थेट जोडून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे शून्य कुठे आहे ते त्याला कळतं. मग मध्ये १००० ओहमचा साधा रेझिस्टर लावायचा. ५० ओहमच्या यंत्रावर साधारण उणे २१ डीबी दिसायला हवं. तेवढं दिसलं तर जोडणी बरोबर. ही पायरी अनेक जण गाळतात आणि पुढचे सगळे आकडे हवेत जातात.

मग चोकच्या एका टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र जोडायची, दुसऱ्या टोकालाही तसंच. अख्खी केबल आता एकच तार झाली. ती यंत्राच्या दोन तोंडांमध्ये लावायची. जो सिग्नल गळेल तो कॉमन मोडचा.

हिशोब सोपा आहे. अडवणूक शुद्ध रोधाची धरली तर उणे २० डीबी म्हणजे सुमारे ९०० ओहम. उणे ३० म्हणजे सुमारे ३००० ओहम. १००० ओहमच्या खाली चोक कामचलाऊ. काही हजार ओहम आले तर गच्चीवर चढवायच्या लायकीचा. आणि हे ज्या ज्या पट्ट्यावर बोलायचं त्या प्रत्येकावर बघायचं. ७ मेगाहर्ट्झला वाघ असलेला चोक २८ ला शेळी निघू शकतो.

जोडणीच्या तारा आखूड ठेवायच्या आणि चोकची दोन टोकं एकमेकांपासून लांब. दोन टोकांमध्ये हवेतून जेमतेम २ पिकोफॅरडची कपॅसिटी असली, तरी १४ मेगाहर्ट्झला ती ५७०० ओहमची चोरवाट उघडते. मग आपण चोक मोजत नाही, चोरवाट मोजतो.

अजून एक बारकावा. नुसता मोठा आकडा पुरत नाही, तो शक्यतो रोधाचा हवा. हवेत गुंडाळलेल्या साध्या कॉईलची अडवणूक मुख्यतः इंडक्टन्सची असते. केबलच्या बाहेरच्या कातडीचा गुण नेमका उलट, म्हणजे कपॅसिटीचा निघाला, तर दोघं एकमेकांना रद्द करतात आणि प्रवाह उलट वाढतो. योग्य मिश्रणाचं फेराईट त्या प्रवाहाची उष्णता करून टाकतं. त्यामुळे हॅम मंडळी ३१ किंवा ४३ नंबरच्या मिश्रणाच्या रिंगा शोधत फिरतात. बराच वेळ बोलून झाल्यावर, रेडिओ बंद करून रिंगला हात लावायचा. गरम लागली तर अडवणूक कमी पडतेय.

शेवटी टोकं सोडवून नेहमीसारखा सिग्नल केबलच्या आतून पाठवायचा. तिथे नुकसान जवळपास शून्य हवं. बाहेरचा अडला आणि आतला सुटला, की चोक पास.

यातली प्रत्येक पायरी ऑलिव्हरने मांडलेल्या गणितातून येते. आणि गंमत म्हणजे टेलिफोनच्या लाईनमध्ये घातलेल्या त्या कॉईल बोलण्याच्या सुरांना मदत करायच्या, पण वरच्या फ्रिक्वेन्सी अडवायच्या. शंभरेक वर्षांनी त्याच तारांवरून ब्रॉडबँड द्यायची वेळ आली, तेव्हा त्या काढून टाकाव्या लागल्या. काम बदललं, फ्रिक्वेन्सी बदलली, औषधाचा रोग झाला.

आकाशातला आरसा आणि कुलाब्याचा माणूस

मार्कोनीने जाहीर केलं की १२ डिसेंबर १९०१ ला त्याने अटलांटिक पार सिग्नल पकडला. शास्त्रज्ञ चक्रावले. रेडिओच्या लहरी सरळ जातात, पृथ्वी गोल आहे, मग सिग्नल वळला कसा?

१९०२ ला दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच उत्तर सुचवलं. वर वातावरणात वीज वाहून नेणारा थर असावा, लहर त्याला लागून खाली येत असावी. इंग्लंडमध्ये हे लिहिलं हेव्हिसाईडने, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातल्या टेलिग्राफीवरच्या लेखात. अमेरिकेत लिहिलं आर्थर केनेलीने.

हा केनेली कुठे जन्मला होता माहितीये? आपल्या मुंबईत, कुलाब्याला, १८६१ मध्ये. ऑलिव्हरच्या इम्पीडन्सचा हिशोब संमिश्र संख्यांनी करायची पद्धत १८९३ ला इंजिनियरांना शिकवणाराही हाच. त्या थराला पुढे केनेली-हेव्हिसाईड थर म्हणायला लागले. आज त्याला ई थर म्हणतात.

घरगुती चोक, त्यातून वाचलेला सिग्नल आणि तो सिग्नल परत खाली पाठवणारं आकाश. तिन्ही ठिकाणी ऑलिव्हर आहेच.

शेवटची वर्षं

१९०८ ला तो टॉर्की गावातल्या होमफिल्ड नावाच्या घरात राहायला गेला. मेरी वे नावाच्या, नात्यातल्या बाई घर बघायच्या. त्या गेल्यावर तो एकटाच उरला. विचित्रपणा वाढला. घरात लाकडी फर्निचरऐवजी ग्रॅनाईटचे दगड. नखांना गुलाबी रंग. पत्रांवर सहीखाली डब्ल्यू.ओ.आर.एम. अशी पदवी लावायचा, इंग्रजीत ज्याचा उच्चार किडा असा होतो. गॅसचं बिल थकायचं आणि थंडीत म्हातारा कुडकुडायचा.

१९२२ ला विद्युत इंजिनियरांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केलं. पहिलं कुणाला द्यायचं? ज्याचा पेपर एकेकाळी अडवला गेला, त्याला. पदक त्याच्यापर्यंत पोहोचवायला लोक टॉर्कीला गेले.

डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड अॅपलटनने बीबीसीच्या बोर्नमथ केंद्रावरून सोडलेल्या लहरी वापरून आकाशातला तो थर खरंच आहे हे मोजून दाखवलं. त्या कामाला पुढे १९४७ चं नोबेल मिळालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी १९२५ ला, शिडीवरून पडल्यानंतर खालावलेला ऑलिव्हर गेला. वय ७४. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरलं.

चंद्रावर आणि मंगळावर एकेका विवराला त्याचं नाव आहे. प्रीस साहेबांना सरकारने १८९९ ला सर केलं, पण त्यांचा टेलिफोनचा तो नियम आज कुणी वापरत नाही.

ऑलिव्हरचे शब्द मात्र वापरात आहेत. आज रात्रीही कुणीतरी फेराईटच्या रिंगवर अकरावा वेढा मारून यंत्र चालू करेल, पडद्यावरची रेघ खाली गेली का ते बघेल, आणि नाही गेली तर सगळे वेढे सोडून परत पहिल्यापासून गुंडाळायला बसेल.